रेघेखालचं नाव

पोहण्याच्या तलावातलं सगळं पाणी सोडून दिलं होतं आणि ओथा रिकाम्या तळाशी उभा राहून लांब दांड्याच्या ब्रशानं फरशी घासत होता. अलाबामातलं जून महिन्याचं ऊन. त्याचा खाकी सदरा पाठीला चिकटला होता. वर काठाशी, छत्रीच्या सावलीत क्लेटन बर्डेट खुर्ची टाकून बसला होता. गावात त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं, आणि नगर परिषदेत बागा नि पोहण्याचा तलाव त्याच्याकडे होता. बर्फ घातलेला चहा पीत तो मधूनमधून सांगायचा, "कोपरे सोडू नकोस, ओथा. शिडीच्या मागं बघ जरा."

मी कुंपणाबाहेर उभी होते, नवऱ्याचा डबा घेऊन. तलाव बांधला तेव्हापासून त्याचा पंप ओथाच चालवायचा, गाळण्या धुवायचा, पाण्यात औषध टाकायचा. त्यामुळे त्याला फाटकातून आत जाता यायचं. मला नाही.

झालं होतं असं, की आदल्या दुपारी चार काळ्या मुली फाटकातून सरळ आत गेल्या आणि अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात उतरल्या. शहरातल्या कॉलेजात शिकणाऱ्या, सुट्टीला घरी आलेल्या मुली. त्यांतली एक आमची डेल्फीन. तिला पोहताही येत नव्हतं. कुठं शिकणार होती? उथळ भागात कठडा धरून ती नुसती उभी राहिली, कमरेइतक्या पाण्यात. गोऱ्या बायकांनी आपापली पोरं दंडाला धरून बाहेर ओढली, पाण्यात साप निघावा तशी. पोलीस येऊन घेऊन जाईपर्यंत त्या चौघी तिथंच उभ्या होत्या. त्या गेल्यावर बर्डेटनं हुकूम सोडला की सगळं पाणी काढा, तळ घासा आणि नवं पाणी भरा.

पाणी बाटलं होतं, आणि माझा नवरा आपल्याच पोरीचा विटाळ धुऊन काढत होता.

मी त्याला हाक मारली नाही. डबा कुंपणाच्या खांबाशी ठेवला आणि घरी आले. संध्याकाळी तो जेवायला बसला तेव्हा मी ताट ठेवलं नाही, आदळलं. म्हटलं, तो ब्रश त्या माणसाच्या डोक्यात घालायला हवा होतास. ओथानं मक्याच्या पावाचा तुकडा मोडला, भेंडीच्या रश्शात बुडवला आणि सावकाश चावून गिळला.

"म्हणून तू केस विंचरतेस आणि मी पंप चालवतो," तो म्हणाला.

टोमणा होता, पण खोटा नव्हता. माझा धंदा माझ्या स्वयंपाकघरात चालायचा. शेगडीवर लोखंडी फणी तापवायची आणि आमच्या बायकांचे केस सरळ करून द्यायचे. शनिवारी तर दारात रांग लागायची. माझी सगळी गिऱ्हाइकं आमच्यातलीच, त्यामुळे कुठल्याही गोऱ्या माणसाला माझी चूल विझवता येत नव्हती. मी तोंड सोडायची कारण मला ते परवडायचं. गावातल्या शिक्षिका, धुणंवाल्या, मोलकरणी यांना परवडायचं नाही, आणि ओथालाही नाही. त्याचा पगार गावाच्या तिजोरीतून यायचा. हे मला कळत होतं. कळून राग जात नाही.

*

त्या तलावाचं नाव काय होतं माहीत आहे? स्वातंत्र्य स्मारक. दुसरं महायुद्ध संपल्यावर गावानं वर्गणी काढून तो बांधला, युद्धात मेलेल्या आपल्या पोरांच्या नावानं. आमच्या चर्चमध्येही वर्गणीचं ताट फिरलं होतं. फाटकाशी संगमरवराचा मोठा दगड बसवला, त्यावर मेलेल्यांची नावं कोरली. वरची सगळी गोऱ्यांची. मग एक आडवी रेघ, आणि रेघेखाली आमची चार. त्या चारांत दुसरं नाव एझेल टार्व्हर. ओथाचा धाकटा भाऊ.

दोघं भाऊ एकाच युद्धात, एकाच देशात होते. ओथा सैन्यासाठी पाण्याचे नळ टाकत होता, पंपांचं काम तो तिथंच शिकला. एझेल बंदूक घेऊन पुढं होता. इटलीतली एक नदी ओलांडताना तो पडला. युद्धानंतर सरकारनं आईला विचारलं, मुलाला घरी आणायचं का. माझ्या सासूबाई, ज्यांना आमचे लोक मानानं मिस ओझेला म्हणायचे, लहानखुऱ्या, ताठ कण्याच्या बाई. आयुष्यभर गोऱ्यांच्या घरची इस्त्री केलेली. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि नको म्हणून कळवलं.

"इथं आणला तर त्याला परत मागच्या दारानं यावं लागेल," त्या मला म्हणाल्या होत्या. "राहू दे तिकडं."

म्हणजे त्यांच्याजवळ थडगं नव्हतं. होता तो फक्त तो दगड. अधूनमधून त्या मला तिकडं न्यायला लावायच्या. आम्ही कुंपणाबाहेर उभ्या राहायचो. आत पोरं खिदळत पाण्यात उड्या मारत असायची. सासूबाई रेघेखालच्या नावाकडे बघायच्या, ओठ हलायचे, मग म्हणायच्या, चल. एकदा मी म्हटलं, आई, तुम्हाला राग नाही येत या रेघेचा? त्या म्हणाल्या, मला वाचता येत नाही, मला रेघ आणि नाव सारखंच. हे खोटं होतं. त्यांना नाव वाचता यायचं. तेवढंच वाचता यायचं.

*

चौघी मुलींनी गावावर घातलेला खटला वर्षभर चालला. शेवटी केंद्र सरकारच्या मोठ्या न्यायालयाच्या न्यायाधीशानं निकाल दिला की तलाव गावाचा आहे, तर तो गावातल्या सगळ्यांना उघडा हवा. आमच्या चर्चमध्ये त्या रविवारी लोक रडले. मी रडले नाही. मला हे गाव ठाऊक होतं.

त्यानंतर आठच दिवसांनी, सोमवारी, बर्डेट आमच्या घरी आला. पुढच्या दारानं आला, टोपी काढली नाही, आणि कोणी बस म्हणण्याआधी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसला. मी कॉर्डेलिया म्हणून एका बाईचे केस करत होते. तिचा नवरा आमच्यातल्या मयतांचं सगळं बघायचा, त्यामुळे तीही कोणाला भीत नसे. ओथा नुकताच कामावरून आला होता. तो उभाच राहिला.

बर्डेटनं मला म्हटलं, "कसं काय, लुव्हेनिया?" माझ्यापेक्षा तो सहा-सात वर्षांनी लहान. त्याच्या बायकोला मी आयुष्यात कधी नावानं हाक मारलेली नाही. मी मान हलवली.

मग तो ओथाशी बोलायला लागला. चांगलं बोलला, गोड बोलला. मला तो शिव्या देत आला असता तर सोपं गेलं असतं. तो म्हणाला, गावानं ठरवलंय, तलाव बंद करायचा. त्यात माती भरायची. दुसरा इलाज नाही.

"मी पॅसिफिकमध्ये जपान्यांशी लढलो ते कशासाठी, ओथा? माणसानं आपल्या गावात आपल्या मनासारखं राहावं म्हणूनच ना? आज वॉशिंग्टनहून कोणी सांगणार, याच्याशेजारी पोहायचं. उद्या सांगणार, त्याच्याशेजारी जेवायचं. मग रशियात आणि इथं फरक काय राहिला?"

बर्डेटनं खुर्ची पुढं ओढली.

"आणि आम्ही कुणावर अन्याय करत नाही. तलाव सगळ्यांनाच बंद. गोऱ्यांना बंद, तुमच्या लोकांना बंद. याच्याहून समान काय असतं, सांग बघू."

माझ्या हातातली फणी तापून धूर सोडत होती. कॉर्डेलियाच्या केसांचा करपट वास आला तेव्हा ती हळूच म्हणाली, "लुव्हेनिया, हे डोकं माझं आहे. त्याचं नव्हे."

बर्डेटचं काम पुढंच होतं. गुरुवारी परिषदेची सभा होती. वर्तमानपत्रवाले येणार होते, बाहेरगावचेही. तिथं ओथानं उभं राहून दोन शब्द बोलावेत, की आमच्या लोकांना या तलावात यायचंच नाही, हे सगळं बाहेरच्या लोकांनी आणि कॉलेजातल्या पोरींनी उकरून काढलेलं आहे, आम्हाला आमचं वेगळं काही मिळालं तर पुरे. तेवढं बोलला की ओथाला गावाच्या पाणीखात्यात कायमची जागा. म्हातारपणी पेन्शन. आणि डेल्फीनवर जो शांतताभंगाचा गुन्हा अजून होता, त्याचंही बघता येईल.

"मी तुला जबरदस्ती करत नाही," बर्डेट उठताना म्हणाला. "हा देश स्वतंत्र आहे. तुझं तू ठरव."

ओथा म्हणाला, "मी सभेला येतो, साहेब."

एवढंच म्हणाला. बर्डेटला हवं ते ऐकू आलं आणि तो खुशीत गेला. मलाही तेच ऐकू आलं. कॉर्डेलिया अर्धे केस सरळ आणि अर्धे उभे अशी टॉवेल गुंडाळून निघून गेली, कारण मी काय बोलणार आहे ते तिला ऐकायचं नव्हतं. मी काय बोलले ते इथं सांगत नाही. स्वतःच्या नवऱ्याला बोलू नये ते सगळं बोलले. त्याच्या भावाचं नाव काढलं. तू घासलास तो तळ अजून पुरेसा स्वच्छ झाला नाही का, असं विचारलं. ओथा मागच्या अंगणात जाऊन कोंबड्यांना दाणे टाकायला लागला.

त्यानंतर तीन दिवस मी डेल्फीनच्या खोलीत झोपले.

*

सभेला आम्ही मागं उभे होतो. बसायच्या खुर्च्या गोऱ्यांसाठी होत्या, तशी पाटी नव्हती, पण पाटीची गरज नव्हती. डेल्फीन कॉलेजातून आली होती आणि बापाशी बोलत नव्हती. सासूबाईंचे गुडघे दुखत होते म्हणून त्या घरी होत्या. ओथानं चर्चचा कोट घातला होता.

आधी बर्डेट बोलला. माझ्या स्वयंपाकघरात बोलला होता तेच, फक्त मोठ्यानं. मग एक वकील बोलला. मग महापौर, जो एरवी औषधाचं दुकान चालवायचा, म्हणाला की आता गावातल्या निग्रो समाजाच्या वतीनं ओथा टार्व्हर दोन शब्द सांगेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काळ्या माणसासाठी त्या सभागृहात टाळ्या मी त्याआधी ऐकल्या नव्हत्या, आणि नंतरही नाहीत.

ओथा पुढं गेला. टोपी हातात होती. तो म्हणाला, "मिस्टर बर्डेटनी मला आमच्या लोकांच्या वतीनं बोलायला सांगितलं. आमच्या लोकांनी मला तसं काही सांगितलेलं नाही. मी माझ्या घरापुरतं बोलतो."

बर्डेटच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. अजून त्याला कळलं नव्हतं.

"तलावाच्या फाटकाशी दगड आहे. त्यावर रेघेखाली माझ्या भावाचं नाव आहे. आता साहेब म्हणाले, कुणाबरोबर राहायचं ते निवडायचं माणसाला स्वातंत्र्य हवं. मी त्यावर विचार केला. मला ते पटलं. मग ते माझ्या भावालाही हवं. तो ज्यांच्यासाठी मेला, त्यांना त्याच्या पुतणीबरोबर एका पाण्यात उभं राहवत नाही. तर त्यालाही त्यांच्याबरोबर एका दगडावर राहायचं नाही. त्याचं नाव मला परत द्या."

महापौरांना खरंच समजलं नसावं, कारण ते म्हणाले, "अरे, पण नाव परत कसं देणार? ते कोरलेलं आहे."

"मग खोडून द्या."

कोणीतरी हसलं. कोणीतरी म्हणालं, खाली बसवा त्याला. महापौर म्हणाले की तो सन्मान आहे, सन्मान असा परत घेता येत नाही, आणि दगड गावाच्या मालकीचा आहे.

"दगड गावाचा असेल, साहेब," ओथा म्हणाला. "नाव माझ्या आईनं ठेवलेलं आहे."

तो परत येऊन आमच्याजवळ उभा राहिला. डेल्फीननं त्याचा हात धरला. मी धरला नाही. मला माझ्या तोंडच्या तीन दिवसांपूर्वीच्या शब्दांची लाज वाटत होती असं म्हणायला हवं, पण खरं सांगायचं तर मला त्याही वेळी रागच आला होता. हे मनात होतं तर मला का नाही सांगितलंस? पण सांगितलं असतं तर मी गावभर केलं असतं, हेही मला ठाऊक होतं.

तलाव बुजवायचा ठराव एकमतानं झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ओथाला कामावरून काढल्याचं कळवलं.

*

त्याच शुक्रवारी दुपारी, भर उन्हात, सगळं गाव जेवून दुकानांच्या ओट्यांवर बसलेलं असताना, ओथा छिन्नी आणि हातोडा घेऊन तलावाच्या फाटकाशी गेला. सभेत घातलेला तोच कोट त्यानं कुंपणाला अडकवला, गुडघे टेकून बसला आणि नाव खोडायला लागला. मागून, चोरून नाही. आवाज चौकापर्यंत जात होता. वरच्या नावांना त्यानं हात लावला नाही. रेघेलाही नाही. आमच्यातल्या इतर तीन नावांनाही नाही, कारण ती त्याची नव्हती.

मी घरी होते. कॉर्डेलियाच्या नवऱ्याचा गाडीवाला धावत सांगायला आला. मी पोचले तेव्हा एक तरणा गोरा पोलीस त्याच्या मागं उभा होता. त्या पोलिसाला मी ओळखत होते. लहानपणी तो याच तलावात पोहायला शिकला होता आणि एकदा पायात गोळा येऊन बुडायला लागला तेव्हा ओथानं त्याला कचरा काढायच्या जाळीचा बांबू पुढं करून बाहेर ओढला होता. पाण्यात उतरून नाही. पाण्यात उतरायची ओथाला परवानगी नव्हती. तो पोलीस, लोक सांगतात, शेवटची दोन अक्षरं होईपर्यंत थांबला. लोक हे कौतुकानं सांगतात. मी कौतुक करणार नाही. थांबला आणि मग बेड्या घातल्याच ना.

हुतात्म्यांच्या स्मारकाची विटंबना, असा आरोप. बर्डेटनं न्यायालयात साक्ष दिली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं असं मला वाटतं, त्याचाही एक चुलतभाऊ त्या दगडावर होता. म्हणूनच मला त्याचा अधिक संताप आला. दुःख कशाला म्हणतात ते त्याला माहीत होतं. ओथाला जिल्ह्याच्या तुरुंगात दोन महिने रस्त्याच्या कामाची शिक्षा झाली.

आमचेही सगळे लोक त्याच्या बाजूनं होते असं समजू नका. रेव्हरंड स्टँडिफर मला म्हणाले की यातून मिळालं काय, तलाव गेला तो गेलाच. रेघेखालच्या पहिल्या नावाचा बाप, म्हातारा, माझ्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, तुझ्या नवऱ्यानं आपल्या माणसाचं नाव काढलं, मग माझ्या पोराचं तिथं आहे त्याचं लोकांनी काय समजायचं? की त्याच्या बापाला मान नाही? मी त्याला पाणी विचारलं. तो नको म्हणून गेला.

आणि सासूबाईंना तोवर कोणी काही सांगितलेलं नव्हतं. ओथानंही नाही.

मी गेले तेव्हा त्या ओसरीत इस्त्री करत होत्या. मी सगळं सांगितलं, सभेतलं, छिन्नीचं, तुरुंगाचं. त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली. म्हणाल्या, मला तिकडं घेऊन चल.

तलावावर माती टाकायचं काम सुरू झालं होतं. मालमोटारी मागं मागं येत होत्या आणि लाल माती त्या निळ्या फरशीवर धडाधड पडत होती. कैद्यांची एक टोळी फावड्यांनी ती पसरत होती. त्यांत ओथा नव्हता; कोणी छायाचित्र काढेल म्हणून त्याला जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला पाठवलं होतं, एवढी अक्कल त्यांना होती. सासूबाई दगडासमोर उभ्या राहिल्या. आता कुंपण काढून टाकलं होतं, त्यामुळे पहिल्यांदाच त्या अगदी जवळ जाऊ शकल्या. नावाच्या जागी एक उथळ, खरबरीत खाच होती. त्यांनी बोटं पुढं केली आणि खाचेत घातली, डावीकडून उजवीकडे, जसं वाचतात.

"त्यानं त्या लोकांना विचारलं," त्या म्हणाल्या. "भर सभेत विचारलं. मला नाही विचारलं."

डेल्फीन आमच्याबरोबर होती. तिला बापाचा अभिमान वाटत होता, तिचे डोळे चमकत होते, आणि पोरगी तेव्हा वीस वर्षांची होती. ती म्हणाली, "आजी, बाबांनी एझेलकाकाला मोकळं केलं."

सासूबाई तिच्याकडे वळल्या. त्यांचा आवाज चढला नाही. आयुष्यात कधी चढला नव्हता.

"मोकळा तर तो तिकडं गेला तेव्हाच झाला, पोरी. इथं मी त्याला माझ्यासाठी बांधून ठेवला होता. तेवढं एक माझं होतं."

मालमोटारीनं माती ओतली. धूळ आमच्या अंगावर आली. मी सासूबाईंना गाडीत बसवलं. त्या माणसांचा राग येत होता, ते ठीक होतं, त्याची सवय होती. पण त्या दिवशी मला असं वाटलं की या लोकांनी स्वातंत्र्य हा शब्द असा काही वापरला आहे, की आता आमच्यातला प्रत्येकजण तो उचलतो तेव्हा दुसऱ्या कोणाला तरी लागतो.

*

ओथा सुटून आला तेव्हा वाळला होता, आणि उजव्या हाताची दोन बोटं नीट मिटत नव्हती. गावात त्याला कोणी काम देईना. तो आजूबाजूच्या काळ्या शेतकऱ्यांचे विहिरीचे पंप दुरुस्त करायला लागला. कोणी पैसे द्यायचं, कोणी कोंबडी. माझी चूल चालू होती. आम्ही उपाशी राहिलो नाही.

गावाच्या उत्तरेला, उंच झुडपांच्या आड, बर्डेट आणि त्याच्या मित्रांनी पोहण्याचा खासगी क्लब काढला. सभासद असाल तर या, नसाल तर नाही. गिरणीत काम करणाऱ्या गोऱ्यांना ते परवडेना, त्यांची पोरं आमच्या पोरांसारखी नदीच्या गढूळ पाण्यात जायला लागली. त्यांतल्या एका बाईला मी एकदा बाजारात बडबडताना ऐकलं, हे सगळं तुमच्यामुळं झालं. मला म्हणाली. मी तिला उलट बोलले नाही, कारण मी बोलायला सुरुवात केली असती तर थांबले नसते.

सुटल्यावर पहिल्याच संध्याकाळी ओथा आईकडे गेला होता. तिनं त्याला जेवायला वाढलं, दुसऱ्यांदा वाढलं, बोटांना लावायला तेल दिलं. दगडाचं नाव तिनं काढलं नाही. त्यानंही काढलं नाही. त्या हिवाळ्यात तो रोज तिची लाकडं फोडून द्यायचा, आणि ती रोज म्हणायची, पुरे झाली. यापलीकडं काही नाही. मी म्हटलं, आईची माफी माग. तो म्हणाला, माफी मागितली तर ते चुकलं असं होईल, आणि ते चुकलं नाही. मग म्हणाला, "पण तिला विचारायला हवं होतं."

"मग तेवढं तरी सांग तिला."

"तिनं नको म्हटलं असतं, लुव्हेनिया. आणि मी तरी केलंच असतं."

मे महिन्याच्या शेवटी सैनिकांच्या आठवणीचा दिवस आला. दर वर्षी त्या दिवशी सासूबाई सकाळी लवकर आवरायच्या. निळा पोशाख, चर्चची टोपी, हातांत पांढरे हातमोजे, जे त्या एरवी फक्त लग्नाला आणि मयताला घालायच्या. मग ओथा गाडी घेऊन जायचा.

त्या वर्षीही तो गेला. मी त्याच्याबरोबर होते. त्यानं कोट घातला होता, का घातला ते मी विचारलं नाही. सासूबाई ओसरीत खुर्चीवर बसल्या होत्या. निळा पोशाख, टोपी, मोजे. सगळं आवरून बसल्या होत्या.

ओथानं गाडीचं दार उघडलं आणि उभा राहिला.

"चल, आई."

"कुठं?" त्या म्हणाल्या.

त्या त्याला टोचून बोलल्या नाहीत. खरंच विचारत होत्या. ओथानं तोंड उघडलं, रस्त्याकडे पाहिलं, एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. मग त्यानं गाडीचं दार लावलं, ओसरीपर्यंत आला आणि त्यांच्या पायांशी पायरीवर बसला, कोट न काढता.

मी गाडीतच बसून राहिले. गावाकडून बँडचा आवाज आला, थोडा वेळ वाजला आणि थांबला. ऊन ओसरीच्या कडेपर्यंत आलं, मग ओथाच्या गुडघ्यांवर, मग सासूबाईंच्या मांडीवर. घामानं त्यांच्या मोज्यांवर मनगटापाशी डाग पडायला लागले होते, तरी त्यांनी मोजे काढले नाहीत.